पासी आंटीनं न पाठवलेलं पत्रक

पासिता डोमिंगसिलला हसायला शिकवायला होनोलुलूहून विमानानं माणूस आला होता. मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं म्हणून सांगतो, नाहीतर मलाही खरं वाटलं नसतं. एकसष्ट वर्षांची बाई, अठ्ठावीस वर्षं काहेलेवाईच्या शाळेचं स्वयंपाकघर चालवलेली. आणि हा ट्रेंट नावाचा गृहस्थ तिच्याच घराच्या गाडीच्या शेडमध्ये उभा राहून तिला म्हणतोय, "ओठ जरा कमी ताणा, पासिता. एवढे दात दिसले की तुम्ही घाबरल्यासारख्या वाटता."

"घाबरलेय कुठं?" पासी म्हणाली. "दात नवे बसवलेत. दाखवतेय."

मी हसलो. ट्रेंट हसला नाही, त्यानं वहीत काहीतरी लिहिलं. हा माणूस लिहून फार घ्यायचा. ते मला तेव्हाच खटकायला हवं होतं.

मी क्लाइड रपोझो. पाट्या रंगवतो. या किनाऱ्यावरच्या अर्ध्या दुकानांची नावं माझ्या हातची आहेत, आणि निवडणूक आली की उमेदवारांच्या फळ्याही माझ्याकडंच यायच्या. आता छापील फलक निघालेत, एक पाऊस झाला की सुरळी होणारे. पण ते जाऊ द्या, मला पासीबद्दल सांगायचंय.

तिचा जन्म मिल कॅम्पातला, साखर कारखान्याच्या मजूरवस्तीतला. बाप फिलिपिन्सहून ऊसतोडीला आलेला, आई कॅम्पातल्या एकट्या पुरुषांचे कपडे धुवायची. नवरा मेलेसियो साखर कारखान्यात फिटर होता. कारखाना बंद पडला तेव्हा अख्ख्या काहेलेवाईची रोजी गेली. पुरुष पहाटेच्या बसनं दोन तास लांब, पलीकडच्या किनाऱ्यावरच्या हॉटेलांत कामाला जायला लागले आणि अंधार पडल्यावर परतायला लागले. मेलेसियोनं तशी वीस वर्षं काढली आणि एके दिवशी त्या बसमध्येच गेला. कारखाना बंद पडल्यावर दोन वर्षांनी पासी शाळेच्या स्वयंपाकघरात लागली. आईबाप दिवसभर गावात नसलेली पोरं तिथं जेवायची. त्यामुळं या मतदारसंघातल्या चाळिशीच्या आतल्या कुठल्याही माणसाला विचारा, बुधवारच्या पावाचा वास त्याला अजून आठवतो.

तिच्या स्वयंपाकघराचा एक नियम होता. दर शुक्रवारी मी तिथं पुढच्या आठवड्याचा जेवणाचा फळा रंगवायला जायचो, म्हणून मला ठाऊक. काही पोरांच्या दप्तरात शुक्रवारी दुपारी चांदीच्या कागदात बांधलेलं काहीतरी जायचं. कोंबडी, पाव, भात. शनिवार-रविवारची सोय. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा पासी माझ्यासमोर डाव घेऊन उभी राहिली. "ताटात काय गेलं आणि दप्तरात काय गेलं, ते या दाराबाहेर जात नाही, क्लाइड. गेलं तर तुझा रंगाचा डबा तुझ्या डोक्यावर रिकामा करीन."

मी शपथ घेतली होती. पुढं काय झालं ते येतंच आहे.

गेल्या वर्षी सरकारी कागद आला. खेड्यापाड्यातली शाळेची स्वयंपाकघरं बंद होणार, जेवण हिलो शहरातल्या मोठ्या स्वयंपाकघरातून ट्रकनं येणार. विधेयक आणणारा आमचाच आमदार, वेंडेल कुरिसू. वय पस्तीस, इस्त्रीचा फुलाफुलांचा शर्ट. बोलायला गोड. हिलोच्या सुनावणीत प्रत्येकाला बोलायला दोन मिनिटं. पासी उठली, बोलायला लागली, लाल दिवा लागला आणि माइक बंद झाला. वरच्या खुर्चीतून कुरिसू म्हणाला, "सॉरी आंटी, वेळ संपली."

ती तशीच उभी राहिली. माइकशिवाय म्हणाली, पण स्वयंपाकघरात कमावलेला आवाज तो, शेवटच्या रांगेपर्यंत गेला. "संपली ना? मग मी येते तिथं, तुझ्या खुर्चीत बसायला. तिथं बसणाऱ्याची वेळ संपत नाही असं दिसतंय."

लोक हसले. तिला मात्र हसू आलं नव्हतं. दुसऱ्याच आठवड्यात ती नोकरी सोडून, हाताखालच्या नोरीनकडं डाव देऊन उमेदवारीचा अर्ज भरून आली.

ट्रेंट आला तो तिच्या पुतण्यामुळं. डॅरिल होनोलुलूत बँकेत आहे, काकूवर त्याचा फार जीव. त्यानं मित्रांकडून वर्गणी जमवून एका प्रचार-सल्लागार कंपनीला काम दिलं. "आजकाल सल्लागाराशिवाय कोणी उभंच राहत नाही, आंटी. कुरिसूकडंही आहे. कोर्टात दोन्ही बाजूंना वकील असतात ना, तसं समज."

"मी कोर्टात चालले नाही, डॅरिल."

"ऐक ना माझं. एकदा तरी."

तिनं ऐकलं. पोराचं मन मोडवेना.

ट्रेंट मूळचा मेनलँडचा, समुद्रापलीकडच्या अमेरिकेतला. म्हणजे वाईट नव्हता, हे मी कबूल करतो. त्याच्या हातात याद्या होत्या. कोण मत देतं, कोण विसरतं, कोणाकडं कुत्रा आहे. दारोदार जायला त्यानं होनोलुलूहून चार तरुण पोरी आणल्या. त्या शिस्तीत प्रत्येक घराच्या पुढच्या दाराची बेल वाजवायच्या, मिनिटभर थांबायच्या, 'घरी नाही' लिहायच्या आणि पुढं जायच्या. आता काहेलेवाईत पुढच्या दारानं पोलीस येतात नाहीतर धर्मप्रचारक. माणसं बाजूच्या शेडमध्ये असतात, आंब्याच्या फोडी करत, पत्ते खेळत. त्या पोरींना शेडमधून हाका यायच्या, "ए पोरी! इकडं ये, जेवून जा!" त्यांना वाटायचं टिंगल चाललीय. तीन दिवसांनी ट्रेंटनं पासीला चिंतातुर चेहऱ्यानं सांगितलं की निम्मा मतदारसंघ सुट्टीवर गेलेला दिसतो.

पासी टेबलावर डोकं टेकून हसली.

मग पाट्या. आमच्याकडं दर दोन वर्षांनी निवडणूक, आणि निवडणूक म्हणजे पाटी. उमेदवार आणि त्याची माणसं चौकात उभी राहतात, नावाची पाटी धरतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक गाडीला हात करतात. माझ्या जन्माआधीपासून असंच चालू आहे. ट्रेंटनं हिशोब मांडून दाखवला की याचा उपयोग नाही. तरी पासी ऐकेना म्हणून तो एका दुपारी बघायला आला. चार वाजता हॉटेलांतून परतणाऱ्या बसगाड्या आणि मोटारी चौकात आल्या, आणि पासी सुरू झाली.

"अगं लेइना, टाके काढले का? ... रेमंड, आईला सांग, भांडं परत पाठव माझं ... बाळ कुणावर गेलंय गं? बापावर? अरेरे!"

प्रत्येक गाडी थांबली. मागं चर्चपर्यंत रांग. कोणी हॉर्न वाजवेना, कारण प्रत्येकाला आपली पाळी हवी होती.

"हात फक्त कोपरापासून हलवा," ट्रेंट कळवळून म्हणाला, "आणि कृपा करून एका गाडीला तीन सेकंद. तुम्ही त्यांच्याशी गप्पा मारताय!"

"मग काय करू? सलाम ठोकू?"

जून संपता संपता त्याच्या मतचाचणीचे आकडे आले. पासी अकरा टक्क्यांनी मागे. आमच्या चौकातल्या रांगेत न थांबणारी माणसंही मतदारसंघात बरीच आहेत, वरच्या डोंगरावर नव्यानं घरं बांधलेली. त्यांना ना बुधवारचा पाव ठाऊक, ना पासी. ट्रेंट म्हणाला, "त्यांच्यापर्यंत पोचायचं तर एकच गोष्ट हवी. एक ओळ. वाचली की विसरता येणार नाही अशी."

त्याच रविवारी तो माझ्या शेडमध्ये आला. मी बियर दिली, सुका मासा दिला. आमच्यात शेडमध्ये जे बोललं जातं ते शेडमध्येच राहतं. कोणाला तसं सांगावं लागत नाही, लहानपणापासून ते अंगातच असतं. समोरचा माणूस त्यात वाढलेला नाही, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. माझी जीभ सैल सुटली. कुरिसूचा विषय निघाला आणि मला तिडीक आली. "हाच वेंडेल," मी म्हणालो, "कारखाना बुडाल्यावर बाप घर सोडून गेला, आई दोन-दोन नोकऱ्या करायची. दर शुक्रवारी पासी याच्या दप्तरात जेवण बांधून द्यायची. घरी दोन धाकट्या बहिणी. पासी नसती तर शनिवार-रविवार उपाशी मेले असते तिघं. आणि आज हाच ते स्वयंपाकघर बंद करतोय! लाज वाटायला हवी!"

ट्रेंटनं बियर खाली ठेवली. वही काढली नाही त्यानं. त्याची गरजच नव्हती.

चार दिवसांनी सकाळी पासीचा निरोप आला, ये म्हणून. शेडमध्ये टेबलावर एक गुळगुळीत, जाड कागदाचं पत्रक होतं. नमुना. शाळेच्या जुन्या वार्षिकांकातला फोटो, नऊ वर्षांचा वेंडेल, काटकुळा, हातात जेवणाचं ताट. वर मोठ्या अक्षरात: तिनं त्याला जेवू घातलं. खाली: तो तिचं स्वयंपाकघर बंद करतोय. मागच्या बाजूला शुक्रवार, दप्तर, चांदीचा कागद, दोन बहिणी. सगळं.

अक्षरं सुरेख होती, धंद्यातला माणूस म्हणून सांगतो.

"हे कोणी सांगितलं?" पासीनं विचारलं. ट्रेंटकडं न बघता.

"मी," मी म्हणालो.

तिनं फक्त पत्रक उलटं करून ठेवलं. रंगाचा डबा डोक्यावर ओतला असता तर बरं वाटलं असतं.

ट्रेंट मात्र खुशीत होता. "खोटं एक अक्षर नाही यात. मतपत्रिका टपालानं घरी पोचतील त्याच दिवशी हे पोचेल. माझ्या सबंध कारकिर्दीत इतकं चांगलं पत्रक मी केलं नाही. तुम्ही जिंकाल, पासिता."

"कोणाकोणाच्या घरी जाणार हे?"

"प्रत्येक."

"त्याची एक बहीण हिलोत नर्स आहे. दुसरी इथंच, टपाल कचेरीमागं राहते. तिच्या पेटीतही?"

"त्यांची नावं नाहीत यात."

"गावाला नावं लागतात होय?" पासी उठून उभी राहिली. "आणि आत्ता, या वर्षी, शाळेत सात पोरं आहेत शुक्रवारवाली. मी नाही तर नोरीन बांधून देते. त्यांच्या आयांच्या हातात पडेल हे. त्या वाचतील की पंचवीस वर्षांनी कोणीतरी आपल्या पोराचा फोटो असा छापू शकतं. पुढच्या शुक्रवारी त्या पोराला बजावतील, काही घेऊ नकोस, रिकामं दप्तर आण. कळतंय का तुला? ती पोरं उपाशी राहतील, माझ्या नावाच्या कागदामुळं."

"तुम्ही अकरा टक्क्यांनी मागं आहात."

"मग अकरानं हरते."

"आणि स्वयंपाकघर?" ट्रेंट हळू आवाजात म्हणाला. "त्यासाठीच उभ्या राहिलात ना? ते जाईल मग."

हे तिला लागलं. तिचा हात टेबलाच्या कडेवर घट्ट झालेला मी पाहिला.

"स्वयंपाकघर वाचवायला स्वयंपाकघरातलंच विकू?" ती म्हणाली. "मग वाचवायचं काय राहिलं? चार चुली? हिलोचा ट्रक आला तरी पोरं जेवतील, बेचव का होईना. पण घेताना मान खाली गेली की पोरगं जेवतच नाही. हे मला अठ्ठावीस वर्षांत कळलंय, तुझ्या याद्यांत ते नाही. तू चांगला माणूस आहेस, ट्रेंट. दुपारचं विमान मिळेल. जाताना डबा घेऊन जा, कोंबडी केलीय."

त्यानं डॅरिलला फोन लावला. डॅरिल फोनवर ओरडला, मग रडवेला झाला. "आंटी, मी सगळ्या मित्रांना शब्द दिलाय गं!"

"मीही दिलाय, बाळा, शुक्रवारच्या पोरांना. तुझ्या आधी." तिनं फोन ठेवला, पत्रकाचे चार तुकडे केले आणि माझ्याकडं वळली. "आणि तू. प्लायवूड किती आहे तुझ्याकडं?"

"वीस फळ्या निघतील."

"रंगव. जन्मभर रंगवलंस तरी फिटणार नाही, पण रंगव."

मी रंगवल्या. लाल अक्षरं, पिवळी कडा: स्वयंपाकघर इथंच. पासिता डोमिंगसिल. पुढचे पाच आठवडे ती रोज चौकात उभी राहिली आणि रोज सकाळी डोंगरावरच्या नव्या घरांत गेली. त्या लोकांची शेडं नसतात, म्हणून तिनं पहिल्यांदाच पुढच्या दाराच्या बेल वाजवल्या. हातात गरम पाव. पायातल्या सपाता काढून दाराबाहेर उभी राहायची आणि सांगायची, हा पाव हिलोहून ट्रकनं आला तर कसा लागेल ते सांगा. एकानं कुत्रा सोडला. तो पाव कुत्र्यानं खाल्ला आणि दुसऱ्या दिवशी मालकानं चौकात येऊन पाटी मागितली.

सल्लागार नाही, छापील पत्रक नाही, चाचणी नाही. हरणार हे मला ठाऊक होतं. तरी मतदानाच्या आठवड्यात माझ्या मनात आशा शिरली. आशेचा मला राग येतो, ती अशीच न विचारता येते.

पासी एक्केचाळीस मतांनी हरली.

अकरा टक्के नव्हे, एक्केचाळीस माणसं. निकाल ऐकला आणि माझी तळपायाची आग मस्तकात गेली. सकाळी तिच्या शेडमध्ये गेलो आणि मनातलं बोलून टाकलं. "एक कागद, पासी! डोंगरावर शंभर घरांत तरी टाकला असतास तर आज तू आमदार असतीस!"

"असते," ती म्हणाली. भात चिवडत होती, खात नव्हती. डोळे सुजलेले. रडली होती आणि ते लपवायची तिला गरज वाटली नाही. "पाटी वाळली का?"

आमच्याकडं निकालाच्या दुसऱ्या दिवशी जिंकलेला आणि हरलेला, दोघंही चौकात येऊन 'महालो'ची पाटी धरतात. आभाराची. पाटी वाळली होती, पण मला जायचं नव्हतं. "हरलेल्यानं एक दिवस घरी बसलं तर काही बिघडत नाही," मी म्हणालो.

"बिघडतं. पाटी घे."

मग पाटीकडं बघून म्हणाली, "खाली जागा उरलीय. लिही आणखी एक ओळ."

तिनं सांगितली, मी लिहिली. ओला रंग सांभाळत चौकात गेलो. पलीकडच्या कोपऱ्यावर वेंडेल कुरिसू, त्याची बायको आणि पाचसहा माणसं छापील 'महालो' धरून उभी होती. आमच्या बाजूला पासी, मी आणि नोरीन. गाड्या यायला लागल्या. हॉर्न, हात, खिडकीतून ओरडणं. काही बायका गाडी थांबवून पासीच्या गळ्यात फुलांचे हार घालून गेल्या. कानांपर्यंत हार झाले. तिचा हात थांबला नाही.

तासाभरानं कुरिसू पाटी बायकोकडं देऊन रस्ता ओलांडून आला. एकटाच. जवळून त्याचा चेहरा ओढलेला दिसत होता. जिंकलेल्या माणसाचा वाटत नव्हता.

"आंटी," तो म्हणाला, "माझ्या सल्लागारानं मला जुलैतच सांगितलं होतं, तुमच्या बाजूनं एक पत्रक येणार. शुक्रवारचं. ही सल्लागार मंडळी एकमेकांना ओळखतात." त्यानं एकदा पलीकडं बायकोकडं बघितलं. "मी रोज सकाळी सगळ्यांच्या आधी टपालपेटीपाशी जायचो. बहिणीलाही सांगून ठेवलं होतं, येईल म्हणून. ती रोज रडायची."

मी जमिनीकडं बघितलं. मला तिथून पळून जावंसं वाटलं.

पासीनं एका बसला हात केला. मग त्याच्याकडं बघितलं, ताट हातात घेऊन रांगेत उभ्या असलेल्या पोराकडं बघावं तसं.

"कसलं पत्रक?"

"आंटी..."

"मला कुठलंही पत्रक ठाऊक नाही. क्लाइड, तुला ठाऊक आहे?"

"नाही," मी म्हणालो. या वेळी मी शपथ पाळली.

कुरिसूचे डोळे भरून आले. त्यानं हाताच्या पाठीनं ते पुसले. मग म्हणाला, "त्या विधेयकाचं... मी एकटा काही करू शकत नाही. वरून फार दबाव आहे. मी वचन नाही देऊ शकत."

"तुझ्याकडं वचन मागितलंय कोणी?" पासी म्हणाली. "येत्या शुक्रवारी नोरीन दोन वाजेपर्यंत असते स्वयंपाकघरात. जाऊन बघून ये एकदा, काय बंद करतोयस ते. मागच्या दारानं जा, तुला ठाऊक आहे ते. आणि आता बाजूला हो. तुझ्यामुळं गाड्यांना माझी पाटी दिसत नाही."

तो बाजूला झाला आणि तेव्हा त्यानं पाटी वाचली. वर मोठ्या लाल अक्षरांत 'महालो'. खाली माझ्या घाईच्या हातची, अजून ओली ओळ: दोन वर्षांनी याच चौकात.